वेबसाइटवर माणूस कधी वैतागतो आणि कधी सोडून देतो: असा अभ्यास पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी माझ्या पहिल्या अभ्यासातली एक बैठक घेत होते. समोर बसलेले काका निवृत्त, सत्तरीला टेकलेले. काम साधं वाटावं असं होतं: आम्ही बनवलेल्या एका काल्पनिक नगरपालिकेच्या साइटवर पाण्याच्या जोडणीवरचं नाव बदलण्याचा अर्ज शोधायचा. काका ‘नागरिक सेवा’मध्ये जायचे, यादी वाचायचे, बॅक करायचे आणि पुन्हा ‘नागरिक सेवा’मध्येच जायचे. मधेच चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, “बाळ, मी सोडून दिलं तर तुझा अभ्यास अडेल का गं?”

मी नाही म्हटलं. तरीही ते पुढची चार मिनिटं शोधत राहिले. शेवटी मी प्रश्नावली पुढे केली. ‘किती वैताग आला?’ या प्रश्नावर सातपैकी १ ला गोल करून म्हणाले, “छान आहे साइट.” मग पाणी प्यायला आत गेले आणि स्वयंपाकघरातून काकूंना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: “अगं, काही म्हणजे काही सापडेना. डोकं फिरलं माझं.”

माझ्या वहीत नोंद झाली ती अशी: वेळ १४ मिनिटं, वैताग १. दोन्ही आकडे काकांनी माझ्यासाठी दिले होते. त्यांच्या चिकाटीबद्दल किंवा वैतागाबद्दल ते काहीच सांगत नव्हते. तो अख्खा अभ्यास मला बाजूला ठेवून नव्याने आखावा लागला. मानसशास्त्राच्या किंवा डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असाल, किंवा ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत वापरकर्त्यांचा अभ्यास करण्याचं काम नुकतंच अंगावर पडलं असेल, तर माझे गेलेले महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. वैताग आणि चिकाटी वेगळ्या करा

सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. जो जास्त वेळ थांबला तो कमी वैतागला, असं आपण मनात धरून चालतो. खरं तर माणूस प्रचंड वैतागूनही थांबतो, कारण त्याला बिल आजच भरायचं असतं. आणि अजिबात न वैतागता तीस सेकंदांत निघून जातो, कारण त्याचं काही अडलेलं नसतं. वैताग ही भावना आहे आणि चिकाटी ही वागणूक, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

चिकाटीची व्याख्या कागदावर एका ओळीत लिहून काढा. माझी अशी होती: पहिली चुकीची वाट कळल्यापासून स्वतःहून सोडून देईपर्यंतचा वेळ आणि तेवढ्यात उघडलेली पानं. ‘पहिली चुकीची वाट कळल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याआधीचा वेळ म्हणजे नुसतं वाचन, चिकाटीची कसोटी त्यानंतरच सुरू होते. मोजताना ‘कळलं’ म्हणजे पहिल्यांदा बॅक दाबलं, इतका ठोस नियम ठेवा.

२. एकच गोष्ट बदला

मेनूतले शब्द, पान उघडायला लागणारा वेळ, मेनूच्या पायऱ्या, चुकल्यावर दिसणारा संदेश या सगळ्यांमुळे वैताग वाढतो. पहिल्या अभ्यासात यातलं एकच निवडा. माझा कल मेनूतल्या शब्दांकडे आहे, कारण त्यामागे भक्कम सिद्धांत आहे. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९९ मध्ये मांडलं की, प्राणी जसा वासावरून अन्नाचा माग काढतो तसा माणूस शब्दांवरून माहितीचा माग काढतो. माग लागतोय असं वाटतं तोवर तो पुढे जातो, माग पुसट झाला की मागे फिरतो. ठाणे स्टेशनाबाहेर सॅटिसवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या बसथांब्यांच्या पुलावर, पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडे बघा. पाटीवर ओळखीचं नाव दिसतंय तोवर पावलं झपाझप पडतात. दोन पाट्या अनोळखी लागल्या की तो थांबतो आणि कोणाला तरी विचारतो. साइटवर विचारायला कोणी नसतं.

माझ्या साइटच्या एका आवृत्तीत ‘पाण्याचं बिल भरा’ असं लिहिलं होतं, दुसरीत ‘महसूल सेवा’. बाकी सगळं हुबेहूब सारखं.

पानाचा उशीर हा तुमचा विषय असेल तर जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये सांगितलेल्या मर्यादा हाताशी ठेवा. ०.१ सेकंदापर्यंत प्रतिसाद लगेच आल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. उशीर या मर्यादांच्या अलीकडे आणि पलीकडे ठेवलात तरच फरक दिसेल.

३. साइट स्वतः बनवा

खरी सरकारी किंवा बँकेची साइट वापरायचा मोह होईल. नका वापरू. अभ्यासाच्या मधेच ती बदलली तर आधीचे आणि नंतरचे लोक एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. शिवाय त्या कार्यालयाबद्दलचा जुना राग माणूस सोबत घेऊन येतो आणि तो तुमच्या मेनूच्या खात्यावर जमा होतो.

साध्या एचटीएमएलची साठ-सत्तर पानं पुरतात. ती लॅपटॉपवरच चालवा, वायफायवर अवलंबून राहू नका. प्रत्येक क्लिकची वेळ आणि पानाचं नाव नोंदवणारी छोटी जावास्क्रिप्ट लिहून घ्या. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसायला सुंदर होतं, पण क्लिकची अशी शिस्तीत नोंद त्यातून सहज निघत नाही. त्यासाठी एखाद्या कोडिंग येणाऱ्या मित्राची संध्याकाळ मागून घ्या.

एक खोच सांगते. साइट फार लहान ठेवली तर चिकाट माणूस दहा मिनिटांत सगळी पानं पालथी घालतो. मग तो थांबला तो कंटाळून की पानं संपली म्हणून, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि ‘५ पैकी ३ टप्पे पूर्ण’ अशी पट्टी कुठेही ठेवू नका. लक्ष्य जवळ दिसलं की जोर वाढतो हे क्लार्क हल यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. ती पट्टी एकटीच तुमची चिकाटी फुगवेल.

४. कामं लिहा आणि मोठ्याने वाचून बघा

कामात मेनूतला शब्द आला की माणूस शोधत नाही, शब्द जुळवतो. मेनूत ‘मालमत्ता कर’ असेल आणि तुम्ही ‘मालमत्ता कर भरा’ असं काम दिलंत, तर तो डोळ्यांचा खेळ झाला. काम प्रसंगाच्या रूपात द्या: ‘तुमच्या आईच्या नावावरच्या घराची या वर्षीची घरपट्टी भरायची राहिली आहे. किती भरायची ते शोधा.’

चार कामं पुरेत. दोन सोपी, एक अवघड, आणि एक असं की ज्याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी आहे. उत्तरच नसलेलं काम द्यायची जुनी पद्धत आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात गोंगाटाचा परिणाम मोजायला न सुटणारी कोडी वापरली होती आणि माणूस ती किती वेळा हातात घेतो हे मोजलं होतं. वेबसाइटसाठी मला ती पद्धत तितकीशी पटत नाही. उत्तर अवघड जागी असलं तरी ते असावं, म्हणजे शेवटी माणसाला दाखवता येतं. तरीही अशक्य काम ठेवणार असाल तर ते सगळ्यात शेवटी ठेवू नका. त्यानंतर एक सोपं काम द्या. कोणीही तुमच्यासमोरून हरल्याच्या भावनेने उठू नये.

५. सोडून देण्याचा रस्ता खुला ठेवा

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मार्टिन ऑर्न या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याने लोकांना बेरजांचे २००० कागद दिले, प्रत्येक कागदावर २२४ बेरजा. लोक कंटाळून कधी सोडतात ते त्याला बघायचं होतं. साडेपाच तास गेले, लोक करतच होते आणि शेवटी प्रयोग करणाऱ्यानेच हात टेकले. मग त्याने सांगितलं की प्रत्येक कागद सोडवला की फाडून निदान ३२ तुकडे करा आणि पुढचा घ्या. लोकांनी तेही केलं. प्रयोग म्हटलं की माणूस प्रयोग करणाऱ्याचा मान राखतो. आपल्याकडे त्यात पाहुणचाराची भर पडते. घरी आलेल्या मुलीचा अभ्यास आपल्यामुळे बिघडू नये, असं वाटणारी माणसं आहेत ही. त्यांची ती माया मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच त्यांना तिच्या ओझ्याखाली बसवून ठेवणं मला पटत नाही.

तर हे करा:

प्रत्येक पानावर, एकाच जागी, ठळक बटण ठेवा. ‘सोडा’ लिहिलं तर हरल्यासारखं वाटतं, आणि पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, लोक ते दाबायला कचरत होते. मी शेवटी लिहिलं: ‘घरी असतो तर इथे थांबलो असतो’. त्या एका वाक्याने बराच फरक पडला. लोक हसून ते दाबायचे.

सुरुवातीला सांगायचं वाक्य लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच वाचून दाखवा: ‘आम्हाला साइट तपासायची आहे, तुम्हाला नाही. तुम्ही कुठे थांबता हीच आम्हाला हवी असलेली माहिती आहे. लवकर थांबलात तरी ती तितकीच उपयोगी आहे.’

मानधन देणार असाल तर ठरलेली रक्कम काम सुरू व्हायच्या आधी हातात द्या. काम पूर्ण केल्यावर बक्षीस ठेवलंत तर तुम्ही बक्षिसाची चिकाटी मोजाल.

शेजारी बसू नका. दुसऱ्या खोलीत जा, स्क्रीन रेकॉर्ड होत राहू दे. ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. ‘मनात येईल ते मोठ्याने बोला’ ही पद्धत साइटमधल्या चुका शोधायला फार चांगली आहे, पण बोलण्याने वेळ बदलतो आणि माणूस कोणाला तरी ऐकवतोय म्हणून थांबूनही राहतो. या अभ्यासात ती टाळा. काम संपल्यावर रेकॉर्डिंग एकत्र बघून विचारा, “इथे काय वाटलं?” काकूंना जे ऐकायला मिळालं ते अशा वेळी आपल्यालाही ऐकायला मिळतं.

६. वैताग मोजा, पण कोणत्या शब्दात?

इंग्रजीतल्या ‘फ्रस्ट्रेशन’ला कोशात ‘नैराश्य’, ‘वैफल्य’ असे शब्द सापडतात. प्रश्नावलीत ‘नैराश्य’ लिहाल तर लोकांना आजार आठवतो आणि सगळे ‘अजिबात नाही’ म्हणतात. ‘चिडचिड’ म्हटलं की काहींना वाटतं आपल्या स्वभावाबद्दल विचारलंय. ‘त्रागा’ म्हणजे बोलून दाखवलेला राग. ‘वैताग’ हा मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण तो सरळ समोरच्या गोष्टीचा येतो आणि तो आला हे कबूल करायला कोणाला लाज वाटत नाही. तुमच्या लोकांत कोणता शब्द चालतो ते पाच-सहा जणांना विचारून ठरवा.

तयार मापांपैकी सॅन्ड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांचं १९८८ चं नासा-टीएलएक्स उपयोगी आहे, कामाचा भार किती वाटला हे विचारणारी ती प्रश्नावली. त्यात सहा बाबी असतात: मानसिक ताण, शारीरिक ताण, वेळेचा ताण, कामगिरी, मेहनत आणि वैताग. मराठीत आणताना एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत करायचं, आणि दोन्ही ताडून बघायची. जॉन ब्रुक यांची दहा वाक्यांची एसयूएस प्रश्नावली अनेक जण वैतागासाठी वापरतात. ती साइट वापरायला किती सोयीची आहे हे सांगते, वैताग सांगत नाही.

प्रश्न प्रत्येक कामानंतर लगेच विचारा. चारही कामांनंतर एकदाच विचारलंत तर शेवटच्या कामाचा वैताग सगळ्यांना चिकटतो. उत्तर कागदावर, तुमची नजर नसताना लिहून घ्या आणि कागद पाकिटात टाकायला सांगा.

सोबत वागणुकीतल्या खुणा मोजा: एकाच जागी धडाधड केलेले क्लिक, जिथे लिंक नाही तिथे केलेले क्लिक, लागोपाठची बॅक, एकाच पानावर परत परत येणं.

७. माणसं किती आणि कोण

‘पाच माणसं पुरतात’ हे वाक्य तुमच्या कानावर येईल. ते साइटमधले दोष शोधण्यासाठी आहे, दोन आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी नाही. मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर वेगवेगळे दोन गट घेतल्यास प्रत्येकी ६४ माणसं लागतात. एकाच माणसाला दोन्ही आवृत्त्या दिल्या तर ३४ पुरतात. पण एकदा साइट फिरलेला माणूस दुसऱ्यांदा नवखा राहत नाही. त्यावर माझा तोडगा: सारख्याच रचनेच्या दोन साइट बनवल्या, एक नगरपालिकेची, एक ग्रंथालयाची. कोणती साइट आधी आणि कोणत्या साइटवर पुसट शब्द, याच्या चार जोड्या होतात. म्हणून ३४ ऐवजी ३६ माणसं घ्या, म्हणजे प्रत्येक जोडीला नऊ येतात.

फक्त कॉलेजातले मित्र घेऊ नका. आणि ज्यांनी आयुष्यभर फोनवरच साइट बघितली आहे त्यांना लॅपटॉप देऊ नका, नाहीतर माउसचा वैताग मेनूच्या नावावर लागतो.

८. कागदपत्रं आणि सामान

एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही बैठक घेऊ नका. समितीची बैठक रोज होत नाही, त्यामुळे अर्ज सगळ्यात आधी करा. माणसाला मुद्दाम वैताग आणणार आहात, म्हणून प्रश्न विचारले जातील, आणि ते विचारलेच पाहिजेत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा, त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावरही स्वतंत्र भाग आहे.

- अभ्यासाचा प्रस्ताव, कामांच्या आणि प्रश्नावलीच्या प्रतींसह
- मराठी माहितीपत्रक, एका पानाचं, मोठ्या अक्षरांत
- संमतीपत्र. त्यात ‘काही कामं मुद्दाम अवघड असू शकतात’ आणि ‘कधीही, कारण न देता थांबता येईल’ ही वाक्यं हवीतच. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी वेगळी सही
- सांकेतिक क्रमांकांची यादी. नाव आणि क्रमांक जोडणारा कागद वेगळा, कुलुपात
- शेवटी वाचून दाखवायचा खुलासा
- लॅपटॉप किंवा फोन, चार्जर, माउस, पाकिटं, पेनं, घड्याळ

अठरा वर्षांखालची मुलं पहिल्या अभ्यासात घेऊ नका. पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतात.

९. पायलट घ्याच, आणि खाडीच्या दोन्ही बाजूंना

माझ्या साइटवर तक्रार नोंदवताना आधी प्रभाग निवडायचा होता. ठाण्यातले लोक थोडे अडखळले, पण पुढे गेले. नेरुळच्या एक ताई तिथेच अडकल्या. यादी वरखाली करत म्हणाल्या, “सेक्टर कुठाय?” नवी मुंबईत पत्ता म्हणजे नोड, सेक्टर, प्लॉट. ठाण्यात पत्ता म्हणजे नाका, मैदान, तलाव, अमक्या दुकानासमोर. मला हवा होता तो अडथळा मेनूच्या शब्दात होता, आणि हा भलताच अडथळा त्याच्याआधी येऊन बसला होता. चार-पाच जणांच्या पायलटमध्ये हे निघालं नसतं तर नवी मुंबईचे लोक कमी चिकाट आहेत असा निष्कर्ष मी काढून बसले असते. पायलटमधल्या लोकांचे आकडे मुख्य अभ्यासात मिसळू नका.

१०. आकड्यांकडे बघताना

प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा ठेवावी लागते, समजा १५ मिनिटं. जो १५ मिनिटांनंतरही शोधत होता त्याची चिकाटी १५ मिनिटं नाही, निदान १५ मिनिटं आहे. त्याच्यापुढे १५ लिहून सरासरी काढली की सगळ्यात चिकाट माणसंच कापली जातात. मी हीच चूक केली होती. यासाठी कॅपलान-मायर पद्धत आहे, १९५८ मध्ये मांडलेली आणि वैद्यकीय संशोधनात रुळलेली. ज्यांचं सोडणं आपल्याला बघायला मिळालं नाही त्यांनाही ती ‘निदान इतका वेळ’ म्हणून हिशेबात धरते. ज्यांना उत्तर सापडलं त्यांनाही ‘सोडलं’ म्हणून मोजू नका. जामोवी आणि आर ही आकडेमोडीची दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, त्यांत हे होतं; जामोवीत त्यासाठी जास्तीचं मॉड्यूल घालावं लागतं.

भरकटणं मोजायला पी. ए. स्मिथ यांचं १९९६ चं माप सोपं आहे. तीन आकडे लागतात: कामाला किमान किती पानं पुरली असती, माणसाने किती वेगवेगळी पानं पाहिली, आणि परत परत धरून एकूण किती. समजा किमान ४, वेगवेगळी १०, एकूण २०. वेगवेगळी भागिले एकूण ०.५, त्यातून १ वजा करून वर्ग ०.२५. किमान भागिले वेगवेगळी ०.४, त्यातून १ वजा करून वर्ग ०.३६. बेरीज ०.६१, तिचं वर्गमूळ ०.७८. साधारण ०.४ च्या खाली माणूस वाटेवर असतो, ०.५ च्या वर गेला की भरकटलेला. हा आकडा वैतागाच्या उत्तराशेजारी ठेवा. आकडा मोठा आणि वैताग १ असेल, तर त्या माणसाचं रेकॉर्डिंग पुन्हा बघा.

११. शेवटची दहा मिनिटं

या वेळात घाई करू नका. काय बदललं होतं, का बदललं होतं, ते सांगा. न सापडलेलं पान उघडून दाखवा. लोक हमखास म्हणतात, “मला या कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही,” आणि ते तसंच मनात घेऊन घरी जातात. तुम्ही मुद्दाम लपवलेली गोष्ट न सापडल्याचा दोष त्यांनी स्वतःवर घ्यावा, हे तुमच्या हातून होता कामा नये.

दुसऱ्या अभ्यासाच्या आधी मी नौपाड्यातल्या त्या काकांकडे पुन्हा गेले. त्यांना अभ्यासात घेता येणार नव्हतं, पण पहिल्या वेळी मी काहीच न सांगता उठून आले होते, ते मनात राहिलं होतं. ‘महसूल सेवा’ उघडून नावबदलाचा अर्ज दाखवला. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि आत हाक मारली, “अगं, बाहेर ये जरा. बघ कुठे ठेवलं होतं यांनी!”